ताण वाढवला की शीड सैल का होते?

विंडसर्फिंगचे शीड वाऱ्यानुसार कसे लावायचे, याबद्दल बहुतेकांच्या मनात एक सरळ हिशेब असतो. वारा कमी असेल तर शीड ढिले ठेवून त्यात भरपूर वारा साठवायचा, वारा वाढला की दोऱ्या ओढून ते ताठ आणि सपाट करायचे. हा हिशेब अर्धाच खरा आहे, हे शीड उभारताना लगेच दिसते. शिडाचा खालचा कोपरा डोलकाठीच्या बुडाकडे ओढणाऱ्या दोरीला डाउनहॉल म्हणतात. ही दोरी जोर लावून आणखी चार-पाच सेंटिमीटर ओढली की शिडाच्या वरच्या भागातली मागची कड, म्हणजे लीच, ताठ होण्याऐवजी लोंबू लागते. वाऱ्यात धरल्यावर तिथला कागदासारखा पातळ पडदा फडफडतो आणि पाहणाऱ्याला वाटते, शीड नीट बसलेले नाही. जोराच्या वाऱ्यासाठी मात्र ते तेव्हाच नीट बसलेले असते. या विरोधाभासाचे उत्तर शोधताना शीड लावण्याचा खरा उद्देश कळतो. माझे म्हणणे असे की शीड लावणे म्हणजे वाऱ्याची ताकद कमी-जास्त करणे नव्हे. ती ताकद शिडावर जिथे एकवटते ती जागा वारा बदलला तरी हलू न देणे, हे त्यातले मुख्य काम आहे. ताकदीचा हिशेब त्यानंतर येतो.

ही जागा इतकी महत्त्वाची का, हे विंडसर्फिंगच्या रचनेतच आहे. कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी 1968 मध्ये ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1970 मध्ये ज्याचे पेटंट मिळाले, तिचा गाभा होता डोलकाठीच्या बुडाशी असलेला सर्व दिशांनी वळणारा सांधा. नेहमीच्या होडीत डोलकाठी पक्की असते आणि दिशा बदलायला सुकाणू असते. इथे डोलकाठी पक्की नाही आणि सुकाणूही नाही. खलाशी शिडाला आडवा बसवलेला दांडा, म्हणजे बूम, हातात धरून अख्खे शीड पुढे झुकवतो, तेव्हा बोर्डचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते. मागे झुकवतो, तेव्हा ते वाऱ्याकडे वळते. म्हणजे शिडावरच्या एकूण ओढीचा केंद्रबिंदू पाण्याखालच्या पात्याच्या तुलनेत पुढे आहे की मागे, यावर दिशा ठरते. हा बिंदू वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर आपोआप सरकू लागला, तर कुणीतरी दुसराच माणूस सुकाणू हलवतो आहे अशी खलाशाची गत होते. होडीवाल्याला शिडाचा आकार बिघडला तर वेग कमी झालेला दिसतो. विंडसर्फरला त्याच चुकीची किंमत वेग, दिशा आणि तोल अशी तिन्ही बाजूंनी मोजावी लागते.

आता वाऱ्याचे गणित पाहू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. 6 चौरस मीटरच्या शिडावर 10 नॉटचा वारा ढोबळमानाने 10 किलो वजनाइतकी ओढ निर्माण करतो, 15 नॉटचा सुमारे 22 किलो, 20 नॉटचा सुमारे 39 किलो आणि 24 नॉटचा सुमारे 56 किलो. शिडाचा आकार आणि वाऱ्याशी असलेला कोन यांप्रमाणे हे आकडे बदलतात, शिवाय धावत्या बोर्डवर जाणवणारा वारा किनाऱ्यावरच्या वाऱ्याहून वेगळा असतो; पण वाढीचा कल हाच राहतो. ब्यूफोर्ट मोजपट्टीवर 11 ते 16 नॉट म्हणजे चौथी पायरी आणि 17 ते 21 नॉट म्हणजे पाचवी. ऐकायला एकाच पायरीचे अंतर, पण या पट्ट्याच्या तळापासून माथ्यापर्यंत ओढ साडेतीन पटींहून अधिक वाढते. 20 नॉटच्या स्थिर वाऱ्यात 25 नॉटचा झोत आला, तर वेगात चौथ्या हिश्शाची भर पडते आणि ओढीत निम्म्याहून जास्त. तीही एखाद-दुसऱ्या सेकंदात.

या ओढीला तोंड देणारी दुसरी बाजू म्हणजे माणसाचे शरीर, आणि त्याला मर्यादा आहे. 70 किलो वजनाचा खलाशी पूर्ण बाहेर झुकला तरी त्याचा गुरुत्वमध्य बोर्डच्या मधल्या रेषेपासून साधारण एक मीटर बाहेर जातो, म्हणून तो सावरू शकतो अशी कमाल उलथवणारी शक्ती 70 किलो-मीटरच्या आसपास राहते. शिडाचा केंद्रबिंदू बोर्डपासून 1.8 मीटर उंचीवर असेल, तर खलाशी फार तर 39 किलोची आडवी ओढ पेलेल. म्हणजे 20 नॉटला मर्यादा आली. आता वजन तेच, शीड तेच, पण केंद्रबिंदू 1.5 मीटरवर उतरवला, तर पेलण्याची मर्यादा 47 किलोवर जाते. त्यासोबत शिडाचा वरचा भाग मोकळा होऊन एकूण ओढ वीस टक्क्यांनी घटली, तर तेच शीड 24 नॉटपर्यंत हाताळता येते. गणित ढोबळ आहे, कारण प्रत्यक्षात शीड वाऱ्याकडे कललेले असते आणि खलाशाच्या वजनाचा काही भाग कमरेच्या पट्ट्याने, म्हणजे हार्नेसने, बूमवर टांगलेला असतो. तरी निष्कर्ष ढोबळ नाही. केंद्रबिंदू तीस सेंटिमीटर खाली आणण्याचा फायदा खलाशाने चौदा किलो वजन वाढवण्याइतका आहे.

उंचीइतकेच पुढे-मागे सरकणेही महत्त्वाचे. शिडाच्या आडव्या छेदात सर्वांत खोल जागेला आपण पोट म्हणू. डाउनहॉल कमी असलेल्या शिडात झोत आला की पोट मागे ढकलले जाते आणि केंद्रबिंदूही त्याच्यामागे जातो. तो फक्त 10 सेंटिमीटर मागे गेला आणि एकूण ओढ 40 किलो असली, तर बूमवर 50 सेंटिमीटर अंतराने ठेवलेल्या दोन हातांपैकी मागच्या हातावर अचानक 8 किलोचा बोजा वाढतो आणि पुढच्या हातावरचा तितकाच कमी होतो. खलाशी मागचा हात सैल सोडतो, शीड उघडते, बोर्ड थबकतो. किंवा तो हट्टाने धरून राहतो आणि बोर्ड वाऱ्याकडे वळतो. शिकाऊ माणूस याला ‘वारा फार आहे’ असे म्हणतो. पुष्कळदा वारा पेलण्याजोगाच असतो, फक्त त्याची ओढ जागा बदलत असते. पतंगाची कन्नी चुकीच्या जागी बांधली तर चांगला कागद आणि चांगला वारा असूनही पतंग गोते खातो, तसा हा प्रकार आहे.

आता मूळ कोड्याकडे येऊ. डाउनहॉल ओढल्याने लीच सैल का होते? विंडसर्फिंगच्या शिडाची पुढची कड सरळ नसते. ती मुद्दाम बाहेर फुगवून कापलेली असते आणि डोलकाठी तिच्या खोळीत घातलेली असते. डाउनहॉल ओढला की सरळ डोलकाठीला त्या वक्र कडेप्रमाणे वाकावे लागते. तिचे वरचे टोक मागे आणि थोडे खाली येते. त्यामुळे डोलकाठीचे टोक आणि बूमच्या मागच्या टोकाला बांधलेला शिडाचा कोपरा, या दोहोंमधले अंतर कमी होते. लीच याच दोन बिंदूंमध्ये ताणलेली असते, म्हणून बिंदू जवळ आले की ती ढिली पडते. त्याच वेळी पुढच्या कडेजवळचे कापड उभे ताणले जाते आणि तिथले पोट पुढे खिळून बसते. एकाच दोरीने दोन कामे होतात: खालच्या आणि मधल्या भागात आकार पक्का होतो, वरच्या भागात तो मोकळा होतो. केंद्रबिंदू पुढे टिकतो आणि खाली उतरतो. डोलकाठी वाकवायला मोठा जोर लागतो, म्हणून डाउनहॉलची दोरी शिडाच्या आणि डोलकाठीच्या कप्प्यांमधून तीन फेऱ्यांनी फिरवतात. अशा मांडणीत सैद्धान्तिक लाभ सहापट मिळतो, घर्षणामुळे प्रत्यक्षात कमी.

वरचा भाग मोकळा ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ वारा घर्षणाने मंदावतो आणि उंचीबरोबर वाढतो. मोकळ्या समुद्रावर एका मीटरच्या तुलनेत पाच मीटर उंचीवर तो ढोबळमानाने 15 ते 20 टक्के जास्त असू शकतो. बोर्ड पुढे धावत असल्याने खऱ्या वाऱ्यात त्याच्या वेगामुळे समोरून येणारा वारा मिसळतो. वर खरा वारा जास्त असल्यामुळे तिथला मिश्र वारा खालच्यापेक्षा थोडा मागून येतो. म्हणून शिडाच्या टोकाने खालच्यापेक्षा जरा उघडे राहून त्या कोनाशी जुळवून घ्यावे लागते. वर उघडत जाणाऱ्या या पिळाविना शीड वर फार बंद राहते, तिथला वारा शिडाच्या पाठीवरून सुटून भोवरे घालतो आणि ओढीपेक्षा अडथळाच वाढवतो. झोत आला की मोकळी लीच आणखी उघडते आणि जास्तीचा वारा वरून सांडते. झोत ओसरला की डोलकाठीची लवचीकता तिला परत आणते. खलाशाने काही न करता शीड स्वतःच झोत पचवते. पहिल्या पिढीतल्या शिडांना ही सोय नव्हती. मूळ विंडसर्फरचे शीड सुमारे 5.2 चौरस मीटरचे, डॅक्रॉन कापडाचे, साधे त्रिकोणी होते. पोट वाऱ्याबरोबर मागे धावायचे. पुढे पूर्ण रुंदीच्या बॅटन पट्ट्या आल्या, पुढच्या कडेचा आकार धरून ठेवणारे कॅम्बर आले, न ताणणारे पारदर्शक मोनोफिल्म आले. या सुधारणांचा समान धागा पाहिला तर प्रत्येकीने पोटाला जागेवर बांधण्याचेच काम केले.

दुसरी दोरी आउटहॉल. ती शिडाचा मागचा कोपरा बूमच्या टोकाकडे ओढते आणि तिचा परिणाम मुख्यतः बूमच्या आजूबाजूच्या भागात, म्हणजे शिडाच्या खालच्या अर्ध्यात दिसतो. ढिली ठेवली तर पोट खोल, ओढली तर सपाट. ताकद कमी-जास्त करण्याचे खरे साधन हे आहे आणि ते केंद्रबिंदूची उंची फारशी बिघडवत नाही. म्हणून हलक्या वाऱ्यात आधी हात घालायचा तो आउटहॉलला. इथे एक रूढ सल्ला तपासून पाहावा लागतो: ‘वारा कमी आहे, डाउनहॉल सोडा, शीड भरेल.’ शीड भरलेले दिसते हे खरे. पण लीच घट्ट होते, वरचा भाग आत वळतो, पोट मागे सरकते. शीड हातात जड लागते आणि खलाशाला जडपणा म्हणजे ताकद असे वाटते. ती ओढ बरीचशी आडवी किंवा मागची असते, पुढे नेणारी नसते. हलक्या वाऱ्यात डाउनहॉल एक-दोन सेंटिमीटर कमी करणे योग्य. पण सर्वांत वरच्या दोन पट्ट्यांच्या दरम्यान लीच थोडी तरी सैल राहिलीच पाहिजे. पोट हवे असेल तर आउटहॉल सोडावा, इतका की भरलेले शीड वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूने बूमला जेमतेम टेकेल.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी आहे. वारा वाढला तर लहान शीड लावावे, इतकी कारागिरी कशाला? शिडाचा आकार बदलणे हा मोठा फेरफार आहेच आणि कुठलेही लावणे त्याची जागा घेऊ शकत नाही. पण शिडे आकाराच्या टप्प्यांनी मिळतात, वारा टप्प्यांनी येत नाही. झोत सेकंदात येतो, किनाऱ्यावर जाऊन शीड बदलायला अर्धा तास लागतो. ऑलिम्पिकचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. 2008 ते 2020 या ऑलिम्पिकमध्ये वापरलेल्या आरएसएक्स प्रकारात पुरुषांचे शीड 9.5 आणि महिलांचे 8.5 चौरस मीटरचे. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आलेल्या आयक्यूफॉइलमध्ये पुरुषांचे 9 आणि महिलांचे 8 चौरस मीटरचे. सर्वांना सारखेच सामान, आणि मंद वाऱ्यात असो की जोराच्या, शीड त्याच आकाराचे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये भारताच्या ईबाद अलीने आरएसएक्समध्येच कांस्यपदक मिळवले. जिथे शिडाचा आकार निवडता येत नाही, तिथे ते कसे लावले आहे यालाच वजन येते. अशा मोठ्या शिडांवर आउटहॉल पाण्यावर असतानाच ओढता-सोडता येईल अशी दोरी बूमवर आणलेली असते, कारण एका शर्यतीतही वारा एकसारखा राहत नाही.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. शिडावर पुढच्या कडेची लांबी आणि बूमची लांबी छापलेली असते. त्याप्रमाणे लावले की झाले. हे आकडे सुरुवातीसाठी उत्तम आहेत, पण ते एका ठरावीक डोलकाठीवर काढलेले असतात. डोलकाठीचा ताठपणा मोजताना दोन्ही टोकांना आधार देऊन मध्यभागी 30 किलो वजन टांगतात आणि ती जितकी वाकली त्या अंतराने तिच्या लांबीला भागतात. 430 सेंटिमीटरच्या डोलकाठीचा हा निर्देशांक साधारण 21 येतो, 460 च्या डोलकाठीचा 25. निर्देशांक सारखा असूनही एखादी डोलकाठी वरच्या टोकाला जास्त वाकते, एखादी खालच्या भागात. कापणी एका वाकासाठी केलेली आणि डोलकाठी दुसऱ्या वाकाची, असे झाले तर छापील आकडा गाठूनही लीच हवी तितकी सुटत नाही, किंवा नको तिथे सुटते. शिवाय दोरी ताणते, कापड वापराने बदलते. म्हणूनच अनेक उत्पादक वरच्या पडद्यावर खुणा छापतात: लीचचा सैलपणा इथपर्यंत आला तर हलका वारा, तिथपर्यंत आला तर जोराचा. मोजपट्टी सोडून डोळ्यांना पुरावा मानणारी ही पद्धत जास्त विश्वासार्ह आहे, कारण ती दोरी किती ओढली हे न पाहता त्याचा परिणाम काय झाला ते पाहते.

तिसरा आक्षेप अनुभवी लोकांकडून येतो. मागच्या हातावर बोजा येत असेल तर बूमवरच्या हार्नेसच्या दोऱ्या थोड्या मागे सरकवाव्यात, काम भागते. काम भागते, पण स्थिर वाऱ्यात. हार्नेसच्या दोऱ्या म्हणजे केंद्रबिंदू जिथे आहे तिथे शरीर टांगण्याची सोय. केंद्रबिंदूच फिरता असेल तर त्या सरासरी जागेवर बसतात. मग झोतात मागचा हात जड आणि झोत गेल्यावर पुढचा हात जड, अशी दोन्हीकडून कुचंबणा होते. योग्य क्रम उलटा आहे. आधी डाउनहॉल आणि आउटहॉल लावून बिंदू थांबवायचा, मग त्याच्या खाली दोऱ्या आणायच्या. बूमची उंची, डोलकाठीचे बूड बोर्डवर पुढे-मागे सरकवणे, हे सारे त्यानंतरचे. जोराच्या वाऱ्यात बूम थोडा खाली घेण्याने आणि बूड थोडे पुढे नेण्याने बोर्डचे नाक उडण्याची प्रवृत्ती कमी होते, पण बिघडलेल्या शिडाची दुरुस्ती त्याने होत नाही.

हा विचार कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर तंतोतंत लागू पडतो. फेब्रुवारी ते मे या काळात सकाळचा मतलई वारा मंदावल्यावर दुपारी खारा वारा सुरू होतो, बहुधा वायव्येकडून, आणि तीन-चारच्या सुमारास भरात येतो. बाराला शीड लावणारा माणूस चारच्या वाऱ्यात तेच शीड घेऊन असतो. दोना पावलासारख्या ठिकाणी टेकाड आणि खाडी यांमुळे झोतही येतात. अशा वेळी शीड आत्ताच्या वाऱ्यासाठी लावण्याऐवजी येणाऱ्या वाऱ्यासाठी लावणे शहाणपणाचे: डाउनहॉल पहिल्यापासून थोडा जास्त ओढायचा, आणि सुरुवातीला पोट हवे म्हणून आउटहॉल ढिला ठेवायचा. वारा वाढल्यावर फक्त आउटहॉल ओढला की भागते. समुद्रावर पांढरे तुरे तुरळक दिसू लागले, की लीचचा सैलपणा वरच्या दोन-तीन पट्ट्यांपर्यंत आणि रुंदीच्या अर्ध्यापर्यंत आलेला असावा. सगळीकडे पांढरे झाले, की दोन-तृतीयांशापर्यंत. बॅटन पट्ट्यांचा ताणही तपासावा, पण खिशाजवळच्या उभ्या सुरकुत्या जातील एवढाच. त्याहून जास्त ताण पट्ट्यांना आकार लादायला लावतो.

शेवटी एक प्रामाणिक मर्यादा. सर्व शिडांना सारखा सैलपणा हवा असतो असे नाही. लाटांवर खेळण्यासाठीची शिडे, शर्यतीची कॅम्बरवाली शिडे आणि पाण्याखालच्या पंखावर चालणाऱ्या फॉइल बोर्डची शिडे यांच्यात फरक आहे. फॉइलवर पाण्याचा अडथळा कमी असल्याने बोर्ड हलक्या वाऱ्यातही वेगाने धावतो, समोरून येणारा वारा जास्त मिसळतो आणि त्यासाठी लीच तुलनेने कमी सैल ठेवतात. पण हा अपवाद तत्त्वाला बाधक नाही. तिथेही प्रश्न तोच असतो: झोत आला तेव्हा ओढ जागच्या जागी राहिली की नाही. शीड लावून पाहताना ते किती भरले आहे हे पाहणारा अंदाजाने चालतो. पहिल्या झोतात दोन्ही हातांवरचा भार एकसारखा वाढतो की एका हाताकडे पळतो, हे तपासणाऱ्याला कुठली दोरी, किती आणि कोणत्या दिशेने बदलायची याचे उत्तर मिळते. भार मागे पळाला तर डाउनहॉल ओढा, दोन्ही हातांवर सारखा पण फार असेल तर आउटहॉल ओढा, आणि एवढ्यानेही आवरत नसेल तेव्हाच किनाऱ्यावर जाऊन लहान शीड काढा.